चिचघरे सरांची विहीर

आमच्या कॉलेजच्या आवारातली विहीर चिचघरे सर खुशीत आले की खोल व्हायची. मी गंमत करत नाही. चौदा मीटरची विहीर पाच मिनिटांत एकतीस मीटरची झालेली आम्ही सगळ्या मुलींनी काठावर उभं राहून पाहिली आहे. पाणी तेच, दगड तसलेच, ऊनही तेच. बदललं होतं ते फक्त सरांचं तोंड, आणि ते कानापर्यंत हसत होतं.

पण आधी कॉलेज सांगते. कामठी रोडवर आमचं मुलींचं विद्यालय होतं. अकरावी-बारावीचं नवं प्रकरण तेव्हा नुकतंच निघालं होतं, आणि आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे प्राचार्यांनी, हिंमत करून सायन्सची तुकडी उघडली होती. तुकडी कसली, बाकांच्या दोन रांगा. त्यात आम्ही काही कामठीच्या, काही जरीपटक्याच्या. आमच्या घरच्यांनी आम्हाला तिथं घातलं ते विज्ञानाच्या प्रेमापोटी नव्हे. कॉलेज मुलींचं होतं, बस दारात थांबायची आणि दिवेलागणीच्या आत पोरी घरी यायच्या, एवढ्यावर परवानगी मिळाली होती. माझ्या बाबांनी तर स्वच्छ सांगून टाकलं होतं, "इथं हाय तोवर शीक. पोट्ट्यायच्या कॉलेजात मी पाठवत नाई." आणि आमच्या तुकडीची मान्यता होती तात्पुरती. खात्याचे साहेब येऊन तपासणी करणार, त्यांना पटलं तर सायन्स कायम, नाहीतर आम्ही सगळ्या आपापल्या घरी पापड लाटायला. हे भूत वर्षभर आमच्या डोक्यावर बसलेलं होतं.

सरांच्या डोक्यावर मात्र कसलंच भूत बसत नसे. बसलं असतं तर सरांनी त्याला वर फेकून झेललं असतं.

चिचघरे सर मूळ उमरेडकडचे. जरीपटक्यात भाड्यानं राहायचे, आणि त्या घराच्या मागे एक पेरूचं झाड होतं. त्यामुळे सरांचा उजवा खिसा कायम फुगलेला. पुस्तकातल्या गणितात 'एक वस्तू उभी वर फेकली' असं असतं. सरांना 'वस्तू' हा शब्द अजिबात चालत नसे. "वस्तू म्हंजे काय वं? वस्तू कधी कोणी फेकली काय? पेरू म्हण." मग खिशातून पेरू निघायचा, वर जायचा, खाली यायचा, आणि सर त्याच्याकडे न बघता त्याला झेलायचे. तास संपेपर्यंत त्या पेरूची बारा-पंधरा उड्डाणं व्हायची, त्यात एखाददुसऱ्यांदा तो छताला लागायचा, आणि शेवटचं गणित जिला सुटेल तिला बक्षीस म्हणून तोच पेरू मिळायचा. एका बाजूनं पार मऊ झालेला. आम्ही तो वाटून खायचो. तसा गोड पेरू मी नंतर खाल्ला नाही.

सरांचा पहिला नियम असा की गणित वाचायच्याही आधी फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात एक उभा बाण काढायचा आणि त्याच्या टोकाशी अधिकची खूण करायची. वर म्हणजे अधिक, खाली म्हणजे उणे. "पहिले बाण!" ही त्यांची आरोळी शेजारच्या वर्गातल्या इतिहासाच्या बाई आपल्या लढायांमध्ये खपवून घेत. सवय इतकी हाडात शिरलेली की सर हजेरी घेतानाही हजेरीच्या पानावर आधी बाण काढायचे. जिना चढताना भेटलो तर विचारायचे, "अधिक काय?" आपण म्हणायचं, "हो सर, अधिक." उतरताना भेटलो तर "उणे." एकदा मोठ्या बाई घाईघाईनं जिना उतरत होत्या आणि सर त्यांना मोठ्या आदरानं म्हणाले, "बाई, उणे." बाई दिवसभर आरशात बघत होत्या.

व्याख्या सांगताना सरांची भाषा पुस्तकी असायची. पण खरं काही सांगायचं असलं की ती सरळ उमरेडला जाऊन पोचायची. आमच्यात प्रमिला नावाची एक अबोल मुलगी होती. तिचे वडील रेल्वेत. ती दिवसभरात चार वाक्यं बोलली तर आम्ही एकमेकींना सांगायचो. सरांनी एकदा विचारलं की पेरू अगदी वर पोचला, तिथं त्याचा वेग किती? सगळ्या वर्गानं ओरडून सांगितलं, शून्य. आणि त्वरण किती? तर तेही आम्ही तेवढ्याच जोरात शून्य म्हणून सांगितलं. सरांनी पेरू वर फेकला.

"वेग शून्य झाला, बरोबर. थांबला तो. पण त्वरणही शून्य म्हणता, म्हंजे धरती त्याले विसरली म्हणता! मंग तो तिथंच टांगून राह्यला पाहिजे ना! वर पाहा. टांगला काय?"

आम्ही वर पाहिलं. पेरू काही टांगलेला नव्हता, तो सरांच्या हातात होता. पण सर असं काही विचारायचे की दरवेळी सगळा वर्ग मान वर करून छताकडे बघायचाच.

"थांबला म्हंजे सुटला नाई," सर म्हणाले. "लिहून घ्या. थांबला म्हंजे सुटला नाई!"

हे वाक्य ते इतक्यांदा म्हणायचे की बस थांब्यावर न थांबता पुढं जाऊन थांबली तरी आम्ही एकमेकींना हेच म्हणून खिदळायचो. अर्थ काही लागत नसे. त्या वयात हसायला अर्थ लागतोच कुठं!

सरांच्या घरी एकदा आम्ही दसऱ्याला सोनं द्यायला गेलो. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, चिवडा दिला आणि तक्रार मांडली. "घरात एक वस्तू जागेवर राहत नाई पोरींनो. सगळं हवेत! किल्ल्या फेकते, चष्म्याचं घर फेकते, परवा वाटीभर दाणे फेकले अन् म्हणते, हे सगळे एकाच वेळी खाली येतीन पाह्य."

"आले काय, काकू?" प्रमिलानं विचारलं. त्या दिवसाचं तिचं ते एकमेव वाक्य.

"आले ना. अन् येचले कोणं? मी."

सर कोपऱ्यात बसून खाली मान घालून हसत होते. किल्ल्यांचं तर असं झालं होतं की एकदा स्टाफरूममध्ये त्या वर फेकल्या त्या कपाटाच्या टपावर जाऊन पडल्या, आणि शिडी सापडेपर्यंत सर घराबाहेर. "समीकरणात कपाट नव्हतं," एवढंच स्पष्टीकरण त्यांनी काकूंना दिलं.

आता विहिरीकडे येते. आमच्या प्रयोगशाळेत एक नवंकोरं स्टॉपवॉच होतं. पण ते तपासणीसाठी होतं. साहेब येतील तेव्हा ते चकचकीत दिसलं पाहिजे म्हणून मोठ्या बाईंनी ते मखमली डबीत घालून कपाटात ठेवलं होतं आणि किल्ली त्यांच्या कमरेला. खंडेनवमीला ते बाहेर निघायचं, त्याला हळदकुंकू लागायचं, फूल वाहिलं जायचं आणि ते परत आत. आम्ही त्याला नमस्कार केला होता, चालताना पाहिलं नव्हतं. मग वेळ मोजायची कशानं? सर म्हणाले, देवानं प्रत्येकाच्या मनगटात एक घड्याळ दिलं आहे. सरांची स्वतःची नाडी शांत असताना मिनिटाला बहात्तर ठोके, हे डॉक्टरनं सांगितलेलं होतं. आम्हाला विहिरीवर नेलं. प्रमिलानं सरांचं मनगट धरायचं, मी दगड सोडायचा, आणि पाण्याचा आवाज येईपर्यंतचे ठोके मोजायचे. सर म्हणाले, "धरतीचं त्वरण परीक्षेत नऊ पूर्णांक आठ, विहिरीवर दहा. हिशोब सोपा राह्यते."

पहिल्यांदा भरले दोन ठोके. सरांनी मातीत काडीनं आधी बाण काढला, मग हिशोब. चौदा मीटर आली. पाणी शेंदायचा दोर मोजून पाहिला तर तोही चौदाच्या आसपास. आणि मग सरांना जे झालं ते मी कसं सांगू! पुस्तकातलं समीकरण आपल्या विहिरीत उतरलं आणि बरोबर पाण्याला जाऊन लागलं, याचा त्या माणसाला इतका आनंद झाला की त्यांनी टाळ्या पिटल्या, विहिरीला एक चक्कर मारली, आणि म्हणाले, "पुन्हा! पुन्हा टाक!"

मी पुन्हा टाकला. प्रमिला म्हणाली, तीन ठोके.

तीन ठोक्यांचे झाले एकतीस मीटर. सरांनी हिशोब पुन्हा तपासला. परत टाकायला लावला. परत तीन. सरांनी वाकून विहिरीत पाहिलं. "पाणी खाली गेलं काय वं?" आम्हीही सगळ्या वाकून पाहिलं. पाणी जागेवर होतं आणि त्यात आमच्या सगळ्यांची तोंडं दिसत होती. सरांनी दोर पुन्हा मोजला, दगड हुंगून पाहिला. प्रमिला मनगट धरून तशीच उभी होती. तिनं अगदी हळू आवाजात सांगितलं, "सर, तुम्हाला आनंद झाला की विहीर खोल होते."

दुसरा कोणी मास्तर असता तर ओशाळला असता किंवा चिडला असता. सर तिच्याकडे बघत राहिले आणि त्यांचे डोळे असे काही चमकले की बस. "अवं माय! चूक दगडात नाई, दोरात नाई, माह्याच नाडीत हाय! हे तर पुस्तकातबी नाई लिहिलं!" ते नाचायचेच बाकी राहिले. त्या वेळी चौथा दगड टाकला असता तर विहीर पन्नास मीटरच्या पार गेली असती. त्या दिवसापासून आमच्यात सरांचा मूड विचारायची भाषाच ठरून गेली. पहिल्या तासाच्या मुली बाहेर आल्या की दुसऱ्या विचारायच्या, "आज विहीर किती?" "एकतीस!" म्हटलं की आम्ही निर्धास्त.

विहीर चौदाहूनही उथळ झालेली मी एकदाच पाहिली, ती फुग्याच्या गणितानं. गणित असं: एक फुगा सरळ वर चालला आहे, त्यातून एक दगड सोडला, तो जमिनीवर यायला किती वेळ लागेल? आम्ही सगळ्यांनी दगडाचा सुरुवातीचा वेग शून्य धरला. सोडलाच आहे ना नुसता, फेकला कुठं? सर वह्या बघत बाकाबाकावरून फिरले आणि खुर्चीत जाऊन बसले. पेरू टेबलावर ठेवला. त्या माणसाला पेरू ठेवून बसलेलं पाहणं ही काही साधी गोष्ट नव्हती, आम्हाला रडू यायला लागलं.

"दगड कोठी बसला होता?" सरांनी विचारलं.

"फुग्यात."

"अन् फुगा कोणीकडे जाऊन राह्यला होता?"

"वर."

"मंग दगड काय दुसरीकडे जाऊन राह्यला होता काय? ज्याच्यात बसला त्याचा वेग त्याच्या अंगात हाय. सोडला तरी तो पहिले वरच जाईन. थोडा जाईन, पण जाईन. मंग खाली."

आम्ही अजून शून्यावरच अडून होतो. तेव्हा सर उठले आणि त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. बस थांबायच्या आधी ते कामठी रोडवर उतरले होते. पाय जमिनीवर पडले, पण अंगात वेग बसचा. थांबायचं म्हटलं तरी थांबवेना. धावत धावत ते समोरच्या पानठेल्यात शिरले आणि काताच्या भांड्यासकट पलीकडून बाहेर पडले. पांढऱ्या सदऱ्याची रंगपंचमी झाली. ठेलेवाला शिव्या द्यायला लागला, तर सरांनी त्याच्या फळीवर चुन्याच्या बोटानं बाण काढून त्याला सगळं समजावून दिलं. "त्याले समजलं," सर म्हणाले. "तुमाले काहून नाई समजत?" हसून हसून आमची पोटं दुखली, आणि ते गणित आम्हाला जन्मभरासाठी समजलं.

आणि मग तपासणी आली. आदल्या दिवशी मोठ्या बाईंनी सरांना खोलीत बोलावून घेतलं. दार उघडंच होतं, आम्ही बाहेर खडूच्या रांगोळ्या काढत होतो, सगळं ऐकू येत होतं. "चिचघरे सर, मी तुमच्या पाया पडते. उद्या साहेब काय म्हणतील त्याला तोंड न उघडता मान हलवा. सूर्य पश्चिमेला उगवतो म्हणाले तरी हलवा. या मुलींचं सायन्स तुमच्या मानेवर आहे."

सरांनी तिथंच मान हलवून दाखवली. शब्द दिला.

साहेब आले. सफारीतले, जाडसर, तसे प्रेमळ दिसणारे. विहिरीजवळच्या सावलीत त्यांच्या चहासाठी कापडी मांडव घातला होता, ताटात फळं मांडली होती. स्टॉपवॉच मखमलीवर विराजमान होतं, साहेबांनी त्याच्याकडे पाहून "वा" म्हटलं आणि त्याचं जन्माचं सार्थक झालं. मग ते आमच्या वर्गात मागं बसले. सर इतकं गरीब शिकवत होते की ओळखू येईनात. पेरू खिशातच. सगळं नीट पार पडत आलं होतं. पण साहेबांना आपले कॉलेजचे दिवस आठवले. ते उठले, खडू मागून घेतला आणि म्हणाले, "मुलींनो, एक मजेदार उदाहरण घेऊ. एक फुगा सेकंदाला पाच मीटर वेगानं वर चालला आहे. तीस मीटर उंचीवरून त्यातून दगड सोडला."

साहेबांनी बाण काढला नाही. सुरुवातीचा वेग शून्य, असं लिहिलं आणि भराभर उत्तर काढलं, जवळजवळ अडीच सेकंद. मग हात झटकून सरांकडे वळले. "काय सर, बरोबर?"

मोठ्या बाई दारात हात जोडून उभ्या. मी प्रमिलाचा हात घट्ट धरला. मला बाबांचा आवाज ऐकू येत होता, इथं हाय तोवर शीक. सरांनी मान हलवायला सुरुवात केली. मान अर्धी खाली आली आणि तिथंच थांबली. सरांनी खिशातून पेरू काढला आणि दातांत धरला, बोळा कोंबल्यासारखा. मग दातात पेरू तसाच ठेवून ते फळ्यापाशी गेले, आणि डाव्या कोपऱ्यात एक उभा बाण काढून जागेवर परत आले. बोलणार नाही हा शब्द त्यांनी पाळला होता, बाण काढणार नाही असं काही कबूल केलं नव्हतं.

साहेब बाणाकडे बघत राहिले. "हे काय?"

आणि माझ्या हातातून हात सोडवून प्रमिला उभी राहिली. "साहेब, फुगा वर चालला होता. दगडही वर चालला होता. तीन सेकंद लागतील."

"अगं, पण दगड सोडला ना? सोडला की तो खालीच येणार." साहेबांचा आवाज थोडा चढला. "कोणी शिकवलं तुम्हाला हे?"

सरांनी दातातला पेरू काढला. त्याला आता चांगला चावा बसला होता. "मी," ते म्हणाले. मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. "साहेब, पाच मिनिटं विहिरीवर येता काय? नाई पटलं तर म्या चूक, पोट्ट्या चूक, सगळं बंद करा."

सगळं बंद करा! पण सर तोवर दरवाजातून बाहेर, मागे साहेब, मागे बाई, मागे आमची अख्खी वरात. मांडवाच्या कडेला बाईंनी घाईनं साहेबांच्या हातात चहाचा कप दिला.

सरांनी साहेबांच्या ताटातला चांगला टणक पेरू उचलला, बादलीत ठेवला आणि बादली विहिरीत सोडली. दोराचं दुसरं टोक आमच्या हातात. "पोट्ट्याहो, तुमी म्हंजे फुगा. म्या हो म्हटलं की दोर घेऊन फाटकाकडे पळा, जीव घेऊन पळा. बादली जाऊन कप्पीले आपटीन अन् थांबीन. आता पाहू पेरूबी थांबते काय." मग साहेबांकडे वळून, "ह्या पळतात साधारण पाच मीटरनं. तुमच्या फुग्याएवढ्याच. पेरू बादलीच्या वर सव्वा मीटर जाईन." आणि मातीत काडीनं बाण.

"हो!"

आम्ही पळालो. चपला सुटल्या, वेण्या सुटल्या, एकीचा दुपट्टा विहिरीवरच राहिला. मी तर डोळे मिटूनच पळत होते. मागे कप्पी किंचाळत होती, आणि मग ठण्ण करून आवाज झाला आणि दोराला असा हिसका बसला की आम्ही सगळ्या एकमेकींच्या अंगावर. पडल्या पडल्या मान वळवून पाहिलं. बादली कप्पीला टेकून थांबली होती. आणि पेरू कप्पीच्या बाजूनं वर चालला होता. कोणी फेकला नव्हता, कोणी हात लावला नव्हता, आपला आपण वर चालला होता. वर थांबला, मग वळला, मांडवाच्या कापडावर टप्पा घेतला, उतारावरून गडगडत आला आणि साहेबांच्या चहाच्या कपात धप्पकन बसला.

सफारीवर चहा.

साहेबांनी आधी कपाकडे पाहिलं, मग बादलीकडे, मग आकाशाकडे. त्यांनी खिशातून रुमाल काढला, चहा पुसला, आणि म्हणाले, "पुन्हा करा."

आम्ही पुन्हा केलं. तिसऱ्यांदा करायच्या वेळी साहेबांनी सफारीचा कोट काढून मोठ्या बाईंच्या हातात दिला आणि दोराला स्वतः हात घातला. शासनाचा माणूस आमच्यामध्ये अनवाणी पळत होता! या खेपेला पेरू जेमतेम वीतभर उडाला. साहेब धापा टाकत म्हणाले, "माझा वेग कमी पडला." सर म्हणाले, "वय धरून चांगलाच हाय साहेब." आणि मग ते दोघं जे हसायला लागले ते थांबेनात. सरांनी आपलं मनगट प्रमिलापुढं केलं. तिनं क्षणभर बोट ठेवलं आणि आम्हाला ओरडून सांगितलं, "पन्नासच्या वर!" ती ओरडलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

जाताना साहेबांनी मोठ्या बाईंना सांगितलं की सायन्स कायम, पण या विहिरीवर आठवडाभरात लोखंडी जाळी बसली पाहिजे. बाईंनी स्टॉपवॉचची किल्ली त्याच संध्याकाळी सरांच्या हाती दिली. सरांनी ती वर फेकली आणि झेलली, या वेळी कपाट नसलेल्या बाजूला. जाळी आणायला सर स्वतः गेले, आणि निवडून निवडून अशी आणली की तिच्यातून मुलगी जाणार नाही, पेरू जाणार नाही, पण खडा आरामात जाईल.

प्रमिला पुढं इंजिनियर होऊन वीज केंद्रात लागली. मी भंडाऱ्याकडे एका कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले. ऐंशीनंतर कधीतरी कळलं की सर नोकरीतून मोकळे होऊन उमरेडला गेलेत आणि त्यांना हृदयाचं दुखणं जडलं आहे. पहिल्या पगारातून जमवून मी एक स्टॉपवॉच घेतलं होतं, ते त्यांच्यासाठी घेऊन निघाले. दारात काकूंनी मला थांबवलं आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "जास्त हसवू नको वं त्याइले. डॉक्टरनं मना केलं हाय."

सर खाटेवर बसले होते. अर्धे झाले होते. मला पाहून त्यांनी विचारलं, "अधिक काय?" मी म्हटलं, "अधिक, सर." त्यांनी स्टॉपवॉच हातात घेतलं, सुरू केलं, बंद केलं, कानाला लावलं, आणि काकूंना म्हणाले, "हे कपाटात ठेव. तपासणीसाठी."

मग अंगणात विहिरीवर चल म्हणाले. काकू नको नको म्हणत होत्या. सरांनी माझ्या हातात आपलं मनगट दिलं आणि दुसऱ्या हातानं खडा सोडला. मनगट काडीसारखं झालं होतं, पण नाडी माझ्या बोटाखाली धडधडत होती.

"किती?"

"तीन, सर."

"एकतीस!" सर म्हणाले, आणि इतके हसले, इतके हसले की काकू पळत बाहेर आल्या. "चौदाची हाय ते विहीर," त्या रागावून म्हणाल्या. "मीच शेंदतो ना रोज पाणी, मले नाई माहीत काय?"

"तुले काय माहीत," सर म्हणाले. "ही आली ना."

मला त्या घटकेला जे वाटलं ते मी त्यांना सांगायला हवं होतं, पण मी नुसतं मनगट धरून उभी राहिले. नाडी कमी होईपर्यंत सोडलंच नाही.

माझी एस.टी. दुपारची होती. काकूंचा विरोध मोडून सर काठी टेकत थांब्यापर्यंत आले. गाडी सुटली तशी मी खिडकीतून मागं वळले. पिंपळाच्या सावलीत सर उभे होते. त्यांनी काठी काखेत मारली, बोटानं हवेत एक उभा बाण काढला, आणि खिशातून पेरू काढून वर फेकला. गाडी वळणाला लागली होती. पेरू पिंपळाच्या फांदीपर्यंत चढलेला दिसला, आणि तिथं तो थांबला तेवढ्यात आमची गाडी वळली.

सर त्यानंतर भेटले नाहीत. पुढल्या उन्हाळ्यात ते गेल्याचं कळलं, मला सांगावा उशिरा पोचला. मी अजूनही दरवर्षी नव्या वर्गात शिरले की आधी बाण काढते आणि खिशातून पेरू काढून वर फेकते. पोरं मान वर करून बघतात. माझीही मान त्यांच्याबरोबर वर जाते, कारण सरांचा तो पिंपळाखालचा पेरू खाली आलेला मी अजून पाहिलेला नाही.